महाबळेश्वर-पाचगणी फॅमिली ट्रिप : हॉटेल घ्यावं, बंगला घ्यावा का होमस्टे? आई-वडील बरोबर आहेत

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. जानेवारीत सांगलीहून सगळ्या फॅमिलीला महाबळेश्वरला न्यायचं चाललंय. आई-वडील (दोघंही सत्तरीच्या पुढं, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय), आम्ही दोघं, धाकटा भाऊ-वहिनी आणि तीन पोरं. आजवर कधी प्रश्न पडला नाही, हॉटेल बुक करायचं आणि निघायचं, पण मागच्या खेपेला जे बघितलं त्यानं मन उडालंय.

हॉटेलचं नाव लिहीत नाही, पण भाडं काही कमी नव्हतं. चेक-इन बाराचं लिहिलेलं, दोन वाजून गेले तरी खोली झाडायला माणूस नाही आणि आई रिसेप्शनसमोर बाकावर पाय लांब करून बसलेली, तिला कुणी पाणी विचारलं नाही. खोलीत गेलो तर चार माणसांत दोन टॉवेल, चादरीवर डाग. बदलून मागितली तर म्हणे उद्या लाँड्रीतनं आली की देतो. गरम पाणी सकाळी सात ते नऊ, त्यात नऊ माणसांच्या अंघोळी कशा व्हायच्या? नाश्त्याला साडेनऊला गेलो तर नुसता ब्रेड शिल्लक. आणि एवढं सगळं झाल्यावर जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला! फोटोत दाखवलेली बाल्कनी होती, नाही असं नाही, पण माणूस बाल्कनी बघायला जातो का हो? आईला दोन दिवस आराम मिळावा म्हणून गेलतो.

भाऊ म्हणतोय ॲपवर पाचगणीचा तीन बेडरूमचा बंगला घेऊ, स्विमिंग पूल आहे, तीन खोल्यांच्या हॉटेलपेक्षा स्वस्त पडतोय. बायको म्हणते बंगला नको. वडील म्हणतात कुठंही चला पण जेवण वेळेवर पाहिजे. कुणी अलीकडं जाऊन आलं असेल तर सांगा, हॉटेलं सगळीकडं अशीच झालीत का?

कराडची_माहेरवाशीण

तुमची मिसेस बंगला नको का म्हणते ते मी सांगते, कारण आमच्यात हाच विषय दर सुट्टीला निघतो. बंगला घेतला की पुरुषमंडळी खूश, पोरं खूश, आणि आम्ही जावा-जावा सकाळी सहाला उठून परक्या गॅसवर नऊ जणांचा चहा टाकतोय. पातेली कुठं, साखर आणली का, दूध कोण आणणार, दुपारची भांडी कोण घासणार. घरी निदान कामाला मावशी येतात. बंगला घ्यायचाच असेल तर स्वयंपाकाची बाई ठरवून मिळते का ते आधी विचारा आणि तिचे पैसे वेगळे किती ते पण विचारा, नाहीतर बंगला घेऊ नका. स्वस्त पडतो म्हणतात त्या हिशोबात बाईमाणसाची सुट्टी कुणी धरतच नाही.

आणि तो पूल. हॉटेलात निदान कुणीतरी बघणारं असतं, बंगल्याच्या पुलाला बऱ्याच ठिकाणी ना कुंपण असतं ना माणूस. तीन पोरं आहेत तुमची. मोठी माणसं दुपारची आडवी झाली की पोरं पाण्यावरच जाणार. जाळी किंवा बंद होणारं गेट नसेल तर मी तरी तिथं पाय ठेवणार नाही.

फ्रंटऑफिस_पाचगणी

मी या धंद्यात बरीच वर्षं आहे, पाचगणी-महाबळेश्वर दोन्हीकडं कामं केलीत, म्हणून आतली बाजू सांगतो. तुमची तक्रार खरी आहे आणि ती एकट्या तुमची नाही.

२०२० च्या लॉकडाऊनला हॉटेलं बंद पडली तेव्हा जुना स्टाफ गावाला गेला. त्यातले बरेच परत आलेच नाहीत, कुणी शेती धरली, कुणी पुण्याला डिलिव्हरीची कामं. हॉटेलं परत चालू झाली तेव्हा मालकांच्या ध्यानात आलं की कमी माणसांत पण गाडा चालतोय, मग ती संख्या तशीच ठेवली. आता सीझनला ठेकेदाराकडनं पोरं येतात, आठ दिवसांत त्यांना खोली लावायला शिकवायची आणि शिकली की सीझन संपतो. जुना रूमबॉय खोलीत शिरला की बेडवर म्हातारं माणूस बघून न सांगता जादा उशी आणायचा. हे ट्रेनिंगनं लगेच येत नाही, माणूस टिकला तर येतं, आणि टिकायला पगार लागतो.

दुसरं कमिशन. ॲपवरनं बुकिंग आलं की त्यातला मोठा हिस्सा ॲपला जातो. त्यात वर शेजारच्याशी रेटची स्पर्धा, मग काटछाट कुठं होते तर चादर, टॉवेल, साबण आणि माणसं. फोटोत न दिसणाऱ्या सगळ्या गोष्टीत.

शनिवारचं तर गणितच अवघड आहे. अकराला सगळं हॉटेल रिकामं होणार आणि बाराला सगळं भरणार. एकेका पोराकडं पंधरा-पंधरा खोल्या असतील तर तो तासाभरात काय काय करणार सांगा. म्हणून माझा सल्ला, शनिवार-रविवार सोडा. रविवारी दुपारी या, मंगळवारी निघा. रविवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याची गर्दी खाली उतरते, खोली वेळेत मिळते, गरम पाण्याला दाब असतो, रेट पण उतरतो आणि स्टाफला तुमच्याशी दोन शब्द बोलायला उसंत असते. तेच हॉटेल, तोच स्टाफ, पण फरक बघा.

बुकिंगच्या आधी ॲपवर नुसतं बघा आणि मग हॉटेलला थेट फोन लावा. फोन कोण उचलतो, कसा बोलतो यातच निम्मं कळतं. आईंसाठी तळमजल्याची खोली आणि कमोड मागून घ्या, गाडी दारापर्यंत येते का विचारा (इकडं उतारावरची हॉटेलं फार, पार्किंग वर आणि खोल्या खाली), गरम पाणी किती ते किती, लाइट गेली तर गिझर जनरेटरवर चालतो का. मग हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं काउंटरवरच्या दुसऱ्या माणसाला माहीतच नसतं.

मिरज_जंक्शन

फक्त बिलाबद्दल. हॉटेलवाल्यांनी सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं पण ते उचलून धरलं. काढा म्हणून सांगायचं, नाही काढला तर १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करायचा. बऱ्याचदा १९१५ चं नाव काढलं की काउंटरवरच बिल दुरुस्त होतं.

जीएसटी पण बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर १८. आधी ७,५०० पर्यंतला १२ होता. कुणी अजून जुन्या दरानं लावत असेल तर विचारा. आणि बंगला ॲपवर बघताना पहिल्या पानावरचा आकडा धरू नका, क्लीनिंग फी, ॲपची फी, डिपॉझिट धरून शेवटच्या पानावर काय येतं ते हॉटेलच्या आकड्याशी लावून बघा.

कोयनाकाठचा

राम राम. आमच्या तापोळ्याच्या बाजूला घरच्याच चार खोल्या हायत, पावणं येत्यात. स्वतःची जाहिरात करायला लिहीत न्हाई, उलट तुम्हाला हितं येऊ नका असंच सांगणार हाय. महाबळेश्वरपासनं आमच्याकडं यायला घाट उतरून यावं लागतं, वळणं लई, आईंचा पाय दुखंल. पाणी, बोट, शिवसागरचा देखावा सगळं भारी हाय पण अर्ध्या रात्री कुणाला बरं वाटंना तर दवाखान्याला परत घाट चढायचा, मोबाईलची रेंज पण सगळीकडं मिळत न्हाई. पोरं घेऊन या, म्हाताऱ्या माणसांना घेऊन पाचगणीच्या जवळपास ऱ्हावा. पाचगणीत बेल-एअर हॉस्पिटल हाय.

होमस्टे होमस्टे म्हणत्यात त्यात दोन प्रकार हायत ते मात्र नीट बघा. एक, जिथं घरमालक त्याच घरात नाहीतर त्याच आवारात ऱ्हातो. दुसरा, जिथं मालक मुंबईला, चावी पेटीत, आन एक केअरटेकर पाच बंगल्यांना मिळून. ॲपवर दोन्हीला होमस्टेच लिवलेलं असतं. आमच्या घरात पावण्याला रात्री ताप आला तर माझी बायको उठून काढा करती, कारण ती हितंच हाय. त्या दुसऱ्या बंगल्यात मोटर बंद पडली तर तुम्ही फोन लावत बसणार. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच इचारा, रात्री तिथं कोण झोपतं?

आन आमच्याकडं काय मिळत न्हाई ते पण सांगतो. मेन्यूकार्ड न्हाई. सकाळी सांगायचं, तेच दुपारी शिजणार, तांदळाची भाकरी, पिठलं, आमटी, कोंबडी सांगितली तर कोंबडी. रात्री अकराला सँडविच मागितलं तर न्हाई हुणार. रोज चादर बदलायची आमच्यात पण पद्धत न्हाई, पण तुम्ही यायच्या आधी धुतलेली आन उन्हात वाळवलेली असती, एवढं छातीठोक सांगतो. पावसाळ्यात मात्र हितं उन्हच नसतं, कपडे वाळत न्हाईत, तेव्हा कुठल्याबी हॉटेलात जावा, चादरीला कुबट वास येणारच. जानेवारीत वास आला तर ती धुतलेलीच न्हाई समजा.

वाई_पसरणी

वरच्या कोयनाकाठच्या भाऊंनी लाखातलं बोललंय. मी अजून एक सुचवतो, भिलार बघा. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधे, रोडपासून आत थोडंसंच. २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं ते, घराघरांत पुस्तकं ठेवलीत, कुणाच्या पण दारात जाऊन वाचत बसता येतं, आणि बऱ्याच घरांत राहायची सोय आहे. मालक तिथंच राहतात, शेतात स्ट्रॉबेरी, जानेवारीत चांगली भरात असते. वडीलधाऱ्यांना पॉइंट-पॉइंट फिरवण्यापेक्षा अंगणात उन्हात खुर्ची टाकून पुस्तक द्या, ते जास्त खूश राहतील. घरं साधी आहेत, लिफ्ट वगैरे डोक्यातनं काढा, पण बैठी घरं मिळतील. फोटो मागवताना बाथरूमचा आणि दारातल्या पायऱ्यांचा मागवा, बाकीचे फोटो सगळे चांगलेच असतात.

हॉटेलचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा, काही बिनसलं तर दुसरी खोली मागता येते. घरगुती ठिकाणी खोली नाही आवडली तर बोलायची पण पंचाईत, समोर आजी उभी असते. त्यामुळं रिव्ह्यू वाचताना तारे मोजत बसू नका, मागच्या दोन-तीन महिन्यातले वाचा आणि तक्रारीला मालकानं काय उत्तर दिलंय ते बघा. भांडतोय का ऐकतोय.

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोण सांगतं हो. घरी सगळे रिप्लाय मोठ्यानं वाचून दाखवले. कराडच्या ताईंचं वाचल्यावर वहिनीनं भावाकडं बघितलं आणि बंगल्याचा विषय तिथंच संपला.

आज दुपारी पाच-सहा ठिकाणी फोन लावले. "रात्री तिथं कोण झोपतं" हा प्रश्न विचारला की खरंच माणूस कळतो. एक जण म्हणाला केअरटेकर येतो-जातो, सोडून दिलं. भिलारला एका घरी काकूंनी फोन उचलला, मी काही बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं की म्हातारी माणसं आहेत का, मग पुढची खोली देते, तिला पायरी नाही. पायरीचा आणि बाथरूमचा फोटो पण पाठवला, आडवा धरायचा दांडा नाही पण त्या म्हणाल्या प्लास्टिकची खुर्ची ठेवते अंघोळीला. रविवार दुपार ते मंगळवार ठरवलंय, जेवणाचं पण बोलून घेतलंय, वडिलांना साडेसातला ताट. सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं.

एकच राहिलं, साताऱ्याहून मेढ्यावरनं यावं का वाईवरनं?

वाई_पसरणी

भिलारला वाईवरनंच या. पाचवड फाट्याला हायवे सोडायचा, वाई, मग पसरणी घाट चढून पाचगणी. मेढा-केळघरचा रस्ता थेट महाबळेश्वरला निघतो, तुम्हाला तिथनं परत मागं यावं लागेल. रविवारी दुपारी उतरणाऱ्या गाड्यांची रांग असते, तुमची बाजू मोकळी मिळेल, पण वळणावर समोरचे ओव्हरटेक करत येतात, सांभाळून चालवा. आणि आईंना पुढच्या सीटवर बसवा, सीट मागं सरकवून पाय लांब करता येतो.