एपी बायो आणि एपी वर्ल्ड हिस्टरी एकाच वर्षी, लेखी उत्तरांत मार्क जातायत

अबोली
नमस्कार मंडळी. लेक इथे अमेरिकेत ज्युनियर इयरला (अकरावीला) आहे, यंदा एपी (हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेज पातळीचे विषय) मध्ये बायोलॉजी आणि वर्ल्ड हिस्टरी दोन्ही घेतलंय, परीक्षा मे महिन्यात. अभ्यास करत नाही असं अजिबात नाही, उलट सारखी पुस्तक घेऊन बसलेली असते, बायोचं पुस्तक हायलायटरने पिवळं झालंय आणि हिस्टरीच्या नोट्सच्या जाड वह्या भरल्यात. पण शाळेत सराव परीक्षा झाली त्यात मल्टिपल चॉइस बरं गेलं आणि लेखी उत्तरांत मार्क गेले, तेही दोन्ही विषयांत. "आई मी सगळं लिहिलं होतं गं" असं म्हणते आणि रडकुंडीला येते. आम्ही दोघं भारतात शिकलो, धड्याखालचे प्रश्न पाठ केले की काम व्हायचं, त्यामुळे इथे नेमकी काय मदत करायची तेच कळत नाहीये. क्लास लावावा का? की अजून एखादं गाईड आणू?

गंधार
ताई, मी हायस्कूलच्या मुलांना बायो शिकवतो. गाईड आणू नका, क्लासचंही नंतर बघू. "सगळं लिहिलं होतं" यातच बहुतेक उत्तर आहे. बायोच्या पेपरला ६० मल्टिपल चॉइस ९० मिनिटांत आणि ६ लेखी प्रश्न ९० मिनिटांत, दोन्हीला निम्मं निम्मं वेटेज. लेखीतले पहिले दोन मोठे, ९-९ मार्कांचे, बाकीचे चार ४-४ चे. आणि प्रत्येक मार्क एका ठरावीक गोष्टीला असतो, ती लिहिली तर मिळतो, नाहीतर पानभर लिहूनही मिळत नाही.

प्रश्नातलं क्रियापद आधी बघायचं. समजा एंझाइमचा ग्राफ दिलाय आणि डिस्क्राइब म्हटलंय, तर ग्राफमध्ये काय दिसतं तेवढंच सांगायचं, अमुक तापमानापर्यंत वेग वाढतो आणि मग झपाट्याने घसरतो. एक्सप्लेन म्हटलं तर कारण हवं, म्हणजे उष्णतेने हायड्रोजन बाँड तुटतात, अॅक्टिव्ह साइटचा आकार बदलतो, सब्स्ट्रेट बसत नाही. डेटा वापरून जस्टिफाय म्हटलं तर ग्राफमधले आकडे उत्तरात आलेच पाहिजेत. हुशार मुलं इथेच अडकतात, एंझाइमबद्दल येतं ते सगळं सुंदर लिहितात आणि विचारलेलं राहून जातं.

दुसरं म्हणजे आकडेमोडीची भीती घालवा, ती मोजक्याच प्रकारची असते. काय-स्क्वेअर घ्या, म्हणजे मिळालेले आकडे अपेक्षित आकड्यांशी कितपत जुळतात ते तपासायची चाचणी. ३:१ अपेक्षित आहे, ४०० रोपं, म्हणजे ३०० आणि १०० हवीत, मिळाली २९० आणि ११०. दोन्हीकडे फरक १०, वर्ग १००, १०० भागिले ३०० म्हणजे ०.३३, १०० भागिले १०० म्हणजे १, बेरीज १.३३. दोन गट आहेत म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम एक (गट वजा एक), तिला टेबलमधली ०.०५ ची क्रिटिकल व्हॅल्यू, म्हणजे मर्यादा, ३.८४, आपली त्याच्या आत, म्हणून नल हायपोथिसिस (फरक निव्वळ योगायोगाचा आहे हे गृहीतक) नाकारता येत नाही. "नल हायपोथिसिस सिद्ध झाला" असं लिहायचं नाही. टेबल आणि फॉर्म्युले पेपरबरोबर मिळतात, पाठ करण्यात वेळ घालवू नका. हार्डी-वाइनबर्ग म्हणजे समूहात एका जीनच्या दोन रूपांचं प्रमाण काढायचं सूत्र, p डॉमिनंटचं आणि q रिसेसिव्हचं (दोन्ही प्रती तशा असतील तरच दिसणारं). त्यात नेहमी रिसेसिव्हकडून सुरू करायचं, रिसेसिव्ह लक्षण १६% मध्ये दिसतं तर q चा वर्ग ०.१६, q ०.४, p ०.६ आणि कॅरियर (एकच रिसेसिव्ह प्रत असलेले) २pq म्हणजे ४८%. मुलं डॉमिनंट दिसणारे ८४% बघून त्याचंच वर्गमूळ काढतात, पण त्या ८४ मध्ये कॅरियरही आलेले असतात ना.

ग्राफ काढायला सांगितला तर अक्षांची नावं, युनिट, समान अंतराचं स्केल आणि दिले असतील तर एरर बार (मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा). हे मार्क वाया जाताना बघून जीव तुटतो माझा, कारण त्यांना बायोलॉजी यावीच लागत नाही.

मुक्ता
काकू, मी आता कॉलेजात आहे, हायस्कूलमध्ये एपी वर्ल्ड केलं होतं आणि खूप आवडता विषय होता त्यामुळे हिस्टरीचं मी सांगते. ५५ मल्टिपल चॉइस ५५ मिनिटांत ४०%, तीन छोटी उत्तरं २०%, डीबीक्यू २५% आणि लाँग एसे १५%. डीबीक्यू म्हणजे सात डॉक्युमेंट देतात आणि त्यावरून स्वतःचं म्हणणं मांडायचं, ७ मार्क. त्यात थीसिसला (म्हणजे आपल्या मुख्य म्हणण्याला) १, आधीच्या काळाचा संदर्भ दिला त्याला १, पुराव्याला ३, आणि विश्लेषणाला २. ताईला (तुमच्या लेकीला) सांगा की डॉक्युमेंटमध्ये काय लिहिलंय ते परत सांगत बसायचं नाही.

उदाहरण देते. प्रश्न असा समजा की एकोणिसाव्या शतकात साम्राज्यवादाने वसाहतींची अर्थव्यवस्था किती बदलली, आणि एक डॉक्युमेंट म्हणजे भारतात रेल्वे बांधणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या डायरेक्टरने लंडनच्या शेअरहोल्डरांपुढे केलेलं भाषण. "या भाषणात रेल्वेचे फायदे सांगितले आहेत" हा नुसता सारांश झाला. त्याऐवजी, ऐकणारे लोक पैसे गुंतवलेले आहेत म्हणून तो नफ्याचंच बोलणार, ज्यांच्या करातून हे चाललंय त्या शेतकऱ्यांचं नाव काढणार नाही, त्यामुळे रेल्वे कोणाच्या सोयीसाठी होती ते या भाषणावरून कळतं, असं लिहिलं आणि ते आपल्या मुद्द्याला जोडलं की ते सोर्सिंग. असं दोन डॉक्युमेंटना केलं की तो मार्क मिळतो.

मग बाहेरचा एक पुरावा लागतो, जो सातांपैकी कशातच नाही. आणि काकू इथे तुम्ही दोघं खरंच मदत करू शकता! सरकारने त्या रेल्वे कंपन्यांना ५% परताव्याची हमी भारताच्या महसुलातून दिली होती, दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत मांडला आणि १८९२ मध्ये ते ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडूनही गेले, हे आपल्या घरात जेवताना बोलता येतं. नाव टाकून मात्र भागत नाही, ते आपल्या म्हणण्याला कसा आधार देतं ते एका वाक्यात सांगायचं.

थीसिसही "अर्थव्यवस्था खूप बदलली" असा नको, तो प्रश्नच परत लिहिल्यासारखा होतो. "जरी बंदरं आणि रेल्वेमुळे व्यापार वाढला तरी वसाहती कच्चा माल पुरवणाऱ्या झाल्या, कारण..." असं काहीतरी, ज्याला कोणी विरोध करू शकेल.

शेखर
दोघांचं पटलं पण एक बाजू राहतेय. टेक्निक टेक्निक करत मुलं मूळ अभ्यास सोडतात हेही मी माझ्या मुलाच्या ग्रुपमध्ये बघितलंय. बाहेरचा पुरावा हवा म्हणता, तो डोक्यात असला तरच बाहेर येईल ना? वर्ल्ड हिस्टरी १२०० पासून आजपर्यंत आहे, मंगोल, मिंग, ऑटोमन, मुघल कोण कधी हे नीट लागलेलं नसेल तर रुब्रिक (मार्क कशाला मिळतात त्याची यादी) तोंडपाठ असून उपयोग नाही. वर्षं पाठ नकोत पण क्रम हवा. आमच्याकडे भिंतीवर एक लांब कागद लावला होता, वर युरोप, खाली आशिया, मध्ये आफ्रिका आणि अमेरिका, आणि मुलगा नवीन काही वाचलं की त्यात भरायचा, त्यामुळे एकाच वेळी कुठे काय चाललं होतं ते आपोआप दिसायचं. तेव्हा वह्या फेकू नका, त्यावर खूप मेहनत झालीय पोरीची.

गंधार
शेखर, मान्य. फक्त परत परत वाचणं कमी करून वही मिटून आठवून लिहिणं वाढवा असं म्हणेन, सेल रेस्पिरेशनचं चित्र कोऱ्या कागदावर काढायचं, मग उघडून ताडायचं. आणि ताई, ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डच्या साइटवर मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न, स्कोअरिंग गाईडलाइन्स आणि मुलांनी लिहिलेली नमुना उत्तरं फुकट आहेत. एक प्रश्न वेळ लावून सोडवायचा, मग गाईडलाइन घेऊन तिने स्वतःच मार्क द्यायचे. हे आठवड्यातून दोनदा जरी झालं तरी क्लासचा विचार पुढे ढकला.

अबोली
खूप खूप आभार सगळ्यांचे. काल तिच्याबरोबर बसून सराव परीक्षेचा बायोचा एक प्रश्न गाईडलाइन लावून तपासला. प्रेडिक्ट म्हटलं होतं आणि तिने अख्खी ऑस्मोसिसची प्रक्रिया लिहिली होती, पण पेशी फुगेल की आकसेल हे एका शब्दात कुठेच नव्हतं. तिचं तिलाच दिसलं आणि चेहरा उजळला. दोन शंका: निगेटिव्ह मार्किंग आहे का, आणि हे सगळं हाताने लिहायचं की टाइप?

मुक्ता
निगेटिव्ह मार्किंग नाही काकू, एकही मल्टिपल चॉइस कोरा सोडायचा नाही. हिस्टरी पूर्ण कॉलेज बोर्डच्या ब्लूबुक या परीक्षेच्या अॅपमध्ये, निबंधही टाइप करायचे. बायोमध्ये मल्टिपल चॉइस अॅपवर, लेखी प्रश्नही स्क्रीनवर दिसतात पण उत्तरं कागदावर हाताने लिहायची. त्यामुळे सरावही तसाच वेगवेगळा करू दे, डीबीक्यू तासाभरात टाइप करून आणि बायो पेनाने.