मदत हवी आहे : आमचं अडतीचं सॉफ्टवेअर स्क्रीन रीडर वाचतच नाही (तातडीचं)

रंकाळा_कोड
कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या एका अडत दुकानात माझं सॉफ्टवेअर चालतं. तिथं पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाचे हिशेब) करायला आता एक ताई लागल्यात. पूर्ण अंध आहेत, बी.कॉम. झालंय, हिशेबात पक्क्या. वर्ड, एक्सेल त्यांचा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) नीट वाचतो. माझा प्रोग्रॅम उघडला की गप्प. दिवाळी पाडव्याला सौदे निघतील, त्याआधी हे झालंच पाहिजे, नाहीतर मालक दुसरं माणूस बघतील आणि ते मला अजिबात नकोय. प्रत्येक बटनाला आवाज रेकॉर्ड करून जोडणार आहे. फाईल कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवू? लवकर सांगा.

उद्यमनगर
कशात लिहिलंय ते सांगा की आधी. व्हीबी, डेल्फी, जावा, डॉटनेट? जावा असेल तर ॲक्सेस ब्रिज (जावा आणि स्क्रीन रीडर जोडणारा दुवा) चालू आहे का बघा. आणि स्क्रीन रीडर कुठला?

मिरजकर_२
डेस्कटॉप सोडा, वेबवर न्या. आम्ही आमचं सगळं नेलं, सुटलो.

आजरा_घनसाळ
वेबवर नेलं म्हणून आपोआप बोलत नाही हो. तिथंही लोक नुसत्या डिव्हला (पानावरच्या साध्या चौकटीला) क्लिक लावून बटन म्हणतात. आणि यार्डात ऐन सौद्यात नेट गेलं तर शेतकऱ्याला पट्टीसाठी बसवून ठेवायचं काय?

पंचगंगाकाठ
जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर घ्या. त्यात प्रोग्रॅमनुसार स्क्रिप्ट लिहिता येते, तुमच्या कोडला हात लावायला नको. फुकटातलं फुकटच असतं.

शब्दवेध
पंचगंगाकाठ, हे पटलं नाही. मी स्वतः अंध आहे, रोजचं ऑफिसकाम एनव्हीडीए या फुकट स्क्रीन रीडरवर करतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध प्रोग्रॅमरनं २००६ मध्ये ते सुरू केलं, पुढं जेम्स तेह आले, तेही अंधच. फुकट ठेवलंय ते आमच्यासारख्यांना परवडावं म्हणून. आणि प्रोग्रॅम आपली नावंच सांगत नसेल तर स्क्रिप्टनं नुसती डागडुजी होते.

रंकाळा_कोड, आवाजाच्या फाईली कृपा करून जोडू नका. स्क्रीन रीडर बोलत असताना दुसरा आवाज आला की दोन्ही कळत नाहीत. आम्ही वेग बराच वाढवून ऐकतो, रेकॉर्ड केलेलं वाक्य संपेपर्यंत कोण थांबणार? विंडोजला कळलं पाहिजे की हे बटन आहे आणि त्याचं नाव 'पट्टी जतन करा' आहे. बोलायचं काम आमचं यंत्र करतं.

लक्ष्मीपुरी_काका
मोठा मॉनिटर आणि मॅग्निफायर लावून द्या. आमच्या आत्यांना फार उपयोग झाला.

आजरा_घनसाळ
काका, ताई पूर्ण अंध आहेत.

रंकाळा_कोड
सी शार्प, विंडोज फॉर्म्स. एनव्हीडीए आहे, पेनड्राइव्हवरून चालवतात. बटनं चित्रांची आहेत, सगळ्या दुकानदारांना तीच आवडतात. प्रिंटरमुळं प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतो. आता उत्तर द्या.

उद्यमनगर
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. पेनड्राइव्हवरचं एनव्हीडीए ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या आत बघूच शकत नाही. आधी ते रीतसर इन्स्टॉल करा.

दुसरं, चित्रांची बटनं म्हणजे पिक्चरबॉक्स (नुसतं चित्र दाखवणारी चौकट) ना? त्यावर टॅबनं फोकस जात नाही, म्हणून गप्प. खरं बटन घ्या, त्यावरच चित्र लावा आणि ॲक्सेसिबलनेम या प्रॉपर्टीत नाव लिहा. दिसायला तेच राहील. हमाली, तोलाईच्या रकान्यांना नाव द्यायची बहुतेक गरज पडणार नाही. टॅब क्रमात लेबल टेक्स्टबॉक्सच्या लगेच आधी ठेवा, तेच नाव म्हणून वाचलं जातं. चूक झाली की कोपऱ्यात लाल अक्षरं दाखवत असाल तर तिथं मेसेजबॉक्स द्या, तो आपोआप वाचला जातो.

तपासायला मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेसिबिलिटी इनसाइट्स फुकट आहे.

शब्दवेध
आणि एनव्हीडीएच्या टूल्स मेनूत स्पीच व्ह्यूअर आहे. काय बोललं जातंय ते डोळसांना तिथं वाचता येतं. मग माऊस बाजूला ठेवून एक अख्खी पट्टी करून बघा.

कायदा_बोलतो
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ४२ वाचा. माहिती-तंत्रज्ञान सुगम करणं शासनावर बंधनकारक आहे. अर्ज कसा करायचा ते सांगू का?

मिरजकर_२
खाजगी अडत दुकानाचा आणि शासनाचा इथं काय संबंध?

कायदा_बोलतो
संबंध आहे. याच कायद्यात खाजगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करायला सांगितलंय. वेगळा धागा काढतो.

राजारामपुरी_८
विषय निघालाच आहे तर विचारतो, यार्डात बिनरसायनाचा गूळ खात्रीनं कुठं मिळेल? एक किलोचे रवे हवेत.

रंकाळा_कोड
इन्स्टॉल केलं, बटनं बदलली. बटनं बोलतात! ताईंनी भराभर सगळा मेनू पालथा घातला. पण शेतकऱ्यांची नावं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं जोडल्यासारखी वाचतोय. मराठी आवाज निवडला तरी तसंच. स्क्रीनवर नावं अगदी बरोबर दिसतात.

आजरा_घनसाळ
फॉन्ट कुठला? श्रीलिपी?

रंकाळा_कोड
हो. पहिल्यापासून.

आजरा_घनसाळ
मग स्क्रीन रीडर बरोबरच वाचतोय. डेटाबेसमध्ये मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत. फॉन्ट फक्त चित्र मराठी काढतो. सगळी नावं युनिकोडमध्ये (त्यात मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असतात) आणावी लागतील. कन्व्हर्टर मिळतात, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांखालून घाला. जुन्या फॉन्टात वेलांटी व्यंजनाच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये नंतर येते. 'शिवाजी' आणि 'कार्वे' नीट आले की बरंच जमलं समजा.

उद्यमनगर
एसक्यूएल सर्व्हर आहे ना? नावाचा कॉलम व्हारचार की युनिकोड साठवणारा एनव्हारचार?

रंकाळा_कोड
व्हारचार.

उद्यमनगर
तो आधी बदला, नाहीतर सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं बसतील. कोडमधल्या क्वेरीही बघा, थेट लिहिलेल्या मराठीआधी एन लागतो. बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका. आणि पट्टी कशावर छापता? डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला थेट मजकूर पाठवत असाल तर तिथंही बदल करावा लागेल.

रंकाळा_कोड
थेटच पाठवतो. रात्री दुकान बंद झाल्यावर बॅकअप घेऊन बसतो. प्रिंटिंगचा कोड इथं टाकतो, बघून सांगा.