मदत हवी आहे: सीओपीडी असलेल्या आईने दमाचा धसका घेतलाय, काय करू?

नमस्कार मंडळी,

जरा मोठं लिहितेय, पण नीट वाचून सांगा. ज्यांच्या घरात असं कोणी आहे किंवा ज्यांना स्वतःला हा आजार आहे, त्यांनी तर नक्कीच.

माझी आई ६४ वर्षांची. माहेर, सासर दोन्ही कोरेगाव तालुक्यातलं. लग्न होऊन आली तेव्हापासून चुलीवर स्वयंपाक. शेणी, तुरकाट्या, पावसाळ्यात ओली लाकडं आणि हातात फुंकणी. घरात गॅस आला २०१७ साली, तोवर जवळजवळ चाळीस वर्षं धूर छातीत गेला होता. विडी-सिगारेटला तिने आयुष्यात हात लावला नाही. तीन वर्षांपूर्वी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी झाली, तेव्हा सीओपीडी (श्वासाच्या नळ्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) हे नाव कळलं. त्याआधी सगळे ‘वयाचा दमा’ म्हणायचे.

पाच महिन्यांपूर्वी त्रास एकदम वाढला आणि नऊ दिवस दवाखान्यात राहावं लागलं. तेव्हापासून ती पुण्यात माझ्याकडे आहे. श्वासाचा पंप स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) लावून बरोबर घेते, नंतर चूळ भरते. ऑक्सिजनचं मशीन घरी आहे, दिवसाला पंधरा-सोळा तास लावायला सांगितलंय. औषधांबद्दल माझा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की आई आता कशालाच तयार होत नाही.

सुरुवात आंघोळीपासून झाली. दवाखान्यातून आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेताना तिला कोंडल्यासारखं झालं, आणि कडी आतून लावलेली. मला फक्त तांब्या पडल्याचा आवाज आला. तिने कशीबशी कडी काढली. मी आत गेले तर भिंतीला हात टेकून उभी, डोळे मोठे झालेले, तोंडातून शब्द फुटत नव्हता. पंधरा-वीस मिनिटांनी श्वास जागेवर आला. पण ती भीती काही गेली नाही. आता आंघोळ आठवड्यातून दोनदा, तीही मी दारात उभी असेन तरच. मग देवळात जाणं बंद झालं, मग खालच्या बाकावर बसणं, मग स्वयंपाकघर. आता पलंग ते खुर्ची आणि खुर्ची ते पलंग.

मागच्या महिन्यात तिने केस कापायला लावले. कंबरेपर्यंत केस होते, रोज सकाळी स्वतः विंचरून अंबाडा घालायची. हात डोक्याच्या वर नेले की धाप लागते, म्हणून मी घालून देत होते. एक दिवस म्हणाली, “रोज तुझ्या हाताखाली बसायला नको वाटतं गं. कापून टाक.” कापले. तिने आरसा मागितला नाही.

ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र, उशीखाली असतो. एका रविवारी मी मोजलं, दुपारच्या जेवणापर्यंत तिने तेवीस वेळा बोटाला लावला. तिच्यासाठी ८८ ते ९२ टक्के चांगलं आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. तरी ८९ दिसलं की हात गार पडतात, गार बोटावर आकडा आणखी चुकतो, की ती जास्त घाबरते आणि श्वास भराभर घ्यायला लागते. त्यातून दम खरंच वाढतो.

आणि दाराची बेल वाजली की नाकातली नळी काढून उशीमागे टाकते. गावाकडे ऑक्सिजन लागला म्हणजे माणूस गेल्यात जमा, असंच धरून चालतात. २०२१ मध्ये आमच्या भावकीतली दोन माणसं ऑक्सिजनवरच गेली. त्यामुळे मीही तिला काय तोंडाने समजावू?

माझ्या वागण्याचंही सांगते. ‘आई तू उठू नको, मी देते’ हे मी दिवसातून शंभरदा म्हणते. चपलेचा पट्टासुद्धा मीच लावते. रात्री तिचा श्वास ऐकत अर्धवट जागी असते. परवा लेक म्हणाली, आजीला तू काहीच करू देत नाहीस. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

फुफ्फुसाच्या डॉक्टरांना मी विचारलं होतं की तिच्या भीतीचं काय करायचं. “टेन्शन घेऊ नका म्हणावं,” एवढंच उत्तर मिळालं. बाहेर चाळीस पेशंट बसलेले. ओळखीच्या औषधवाल्याने झोपेची गोळी दिली. एकच दिली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आई इतकी सुस्त होती की मीच घाबरून बंद केली.

मला कळत नाहीये की ही भीती आजाराचाच भाग आहे की वेगळं दुखणं. तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं कसं, ‘मी काय वेडी आहे का’ म्हणेल. आणि तिचं किती मी करायचं, किती तिच्यावर सोडायचं?

प्रतिसाद

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, श्वासाचे पेशंट रोज बघते.

भीती वेगळी आणि दम वेगळा असं या आजारात नसतंच. सीओपीडीत हवा आत जाते, पण अरुंद झालेल्या नळ्यांतून पूर्ण बाहेर येत नाही. माणूस घाबरून भराभर श्वास घ्यायला लागला की बाहेर सोडायला वेळ उरत नाही, आधीची हवा आत साठून राहते, छाती फुगलेली राहते आणि नवीन श्वासाला जागाच मिळत नाही. कोंडल्यासारखं होतं ते यामुळे. आईंचा तो अनुभव शंभर टक्के खरा आहे, हे त्यांना आधी सांगा. ‘काही नाही झालं’ असं चुकूनही म्हणू नका.

मग माणूस हालचाल टाळतो, मांड्या-पोटऱ्यांची ताकद जाते, आणि चार पावलांतही धाप लागते. यावरच उपाय म्हणून पल्मनरी रिहॅबिलिटेशन असतं. साधारण ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, देखरेखीखाली चालणं, हातापायांचे व्यायाम, श्वासाचं तंत्र, आजाराची माहिती. स्पायरोमेट्रीचा आकडा त्याने फारसा बदलत नाही, पण दम, चालणं, भीती आणि उदासी या चारही गोष्टींत फरक पडतो. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत चौकशी करा, डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या.

आंघोळीसाठी: स्टूलवर बसून, पाणी फार कढत नको, वाफ साठू देऊ नका. कडी लावू नये, दार लोटलेलं असावं. डोक्यावरून एकदम तांब्या ओतला की माणूस नकळत श्वास रोखतो, म्हणून केस वेगळ्या दिवशी धुवा. अंग पुसण्याची धडपड नको, मोठा टॉवेल गुंडाळून बसू द्या.

श्वासासाठी: नाकाने दोन अंक मोजेपर्यंत आत, ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत हळूहळू बाहेर. समोर ज्योत आहे, ती हलली पाहिजे पण विझता कामा नये, असं सांगा. हे बरं वाटत असतानाच रोज शिकवा, ऐन धाप लागली की नवीन काही जमत नाही. बॅटरीवरचा छोटा पंखा चेहऱ्यासमोर, नाका-गालांवर धरला तरी अनेकांना दम कमी वाटतो.

गोळी बंद केलीत ते बरं. झोपेच्या आणि शांत करणाऱ्या काही गोळ्या श्वासच मंद करतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांना कधीच नाही. आणि सगळंच भीतीवर ढकलू नका. बेडक्याचा रंग बदलला, ताप आला, ओठ निळसर झाले, बोलणं असंबद्ध झालं किंवा माणूस गुंगीत जायला लागला तर थेट दवाखाना.

प्रतिसाद

मी पेशंटच आहे. वय ६९, सव्वीस वर्षं सिगारेट ओढली, नऊ वर्षांपूर्वी सोडली. अजून प्रत्येक नवीन डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, किती ओढत होतात? उत्तर देताना मान खाली जाते. त्यापायी एक वर्ष मी दवाखान्याची पायरी चढलो नव्हतो.

ताई, एकच सांगतो. आम्हाला धाप लागली की प्रश्न विचारू नका. ‘काय होतंय? पाणी देऊ? डॉक्टरांना बोलावू?’ उत्तर द्यायलाच तर श्वास नसतो. माझी बायको आता नुसती शेजारी येऊन बसते आणि स्वतः सावकाश श्वास सोडते, मला ऐकू येईल असा. मी टेबलावर कोपरं टेकून पुढे वाकतो आणि तिच्या लयीत येतो. आमचं ठरलंय, मी एक बोट वर केलं तर थांबायचं, दोन केली तर पंप द्यायचा.

समुपदेशकाकडे मीही जायला तयार नव्हतो. आमच्या डॉक्टरांनीच ‘श्वासाच्या उपचाराचा भाग’ म्हणून पाठवलं, तेव्हा गेलो. घराबाहेर पडणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट आहे. आईंना नको असेल तर तुम्ही स्वतः करा. रात्र रात्र जागताय, तुम्हालाही गरज आहे.

धागा काढणारीचा प्रतिसाद (अकरा दिवसांनी)

दोघांचेही मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. काकांचं, प्रश्न विचारू नका हे वाचल्यावर ती मध्येच म्हणाली, “हेच. हेच मला सांगता येत नव्हतं.” मग बराच वेळ गप्प होती.

चंबूच्या श्वासाला आधी नकार मिळाला. “फुंकून फुंकूनच तर हे झालं, आता परत फुंकायला लावताय?” मला काही बोलताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी लेकीने तिच्यासमोर निरांजन लावून ठेवलं आणि ज्योत न विझवता फुंकायची पैज लावली. आजीने तिला सात वेळा हरवलं.

आंघोळ काल स्टूलवर बसून केली, दार लोटून. मी बाहेर उभी होते, पण एकदाही हाक मारली नाही. लसूण सोलायचं काम तिने स्वतःहून मागून घेतलंय, कोपरं टेबलावर टेकवून सोलते. ऑक्सिमीटर दिवसातून तीन ठरलेल्या वेळा लावायचा असं डॉक्टरांना विचारून ठरवलं. ती पाच-सहा वेळा लावते, मी टोकत नाही.

रिहॅबसाठी चिठ्ठी मिळाली, सोमवारपासून बोलावलंय. एकच अडचण राहिलीय. तिथे जाताना-येताना ऑक्सिजन लागेल आणि नळी लावून सोसायटीच्या गेटमधून जायला ती अजून तयार नाही. कोणी रिक्षातून खांद्यावरचा छोटा सिलिंडर घेऊन पेशंटला नेता का? एकदा भरला की किती वेळ पुरतो? आणि त्या पहिल्या दिवशी गेटपर्यंत तुम्ही काय बोलत गेलात, तेही सांगा.