श्रीलंकेतला किडनीचा रोग: विहिरीच्या पाण्यात नेमकं काय मोजू?

उंबरठा

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, सांभाळून घ्या.

मी सार्वजनिक आरोग्यात संशोधन करते. ऑगस्टपासून सहा महिने श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, अनुराधपुर जिल्ह्यातल्या मेदवच्चिय भागात, एका स्थानिक गटाबरोबर काम करायचं ठरलंय. विषय तोच, भातशेती करणाऱ्या माणसांना होणारा किडनीचा जुनाट रोग. ना मधुमेह, ना रक्तदाब, तरी किडन्या निकामी. १९९०च्या दशकापासून डॉक्टरांच्या नजरेत आला आणि अजून नावातच 'कारण अज्ञात' आहे.

वाचायला बसले आणि आणखी गोंधळले. कुणी म्हणतं पाण्यातलं फ्लोराइड आणि जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार), कुणी कॅडमियम हा धातू, कुणी ग्लायफोसेट हे तणनाशक, कुणी अॅल्युमिनियमची भांडी, तर कुणी म्हणतं पाणीबिणी काही नाही, ऊन. आमचे मार्गदर्शक म्हणतात, "एक संशयित निवड आणि नीट मोज." माझ्याकडे २०० घरांपुरते पैसे आहेत. पाणी तपासणं म्हणजे एका संध्याकाळचं काम, असं मला आधी वाटायचं!

दोन प्रश्न:
१) २०० विहिरींत मी काय मोजू? सगळे धातू, की फक्त फ्लोराइड आणि जडपणा?
२) 'रोगी' कुणाला म्हणायचं? प्रत्येक शोधनिबंधात व्याख्या वेगळी आहे.

प्रत्यक्ष तिथे काम केलेलं कुणी असेल तर फारच बरं.

---

तळाचा_गाळ

उंबरठा, मी केलंय. पाण्याची रसायनं तपासणारी बाई आहे, डॉक्टर नाही. त्याच प्रांतात दोन हंगाम विहिरी उपसल्या, म्हणजे बाटल्या भरल्या. तुमचा पहिला प्रश्न वाचून हसू आलं, कारण मीही तिथे हाच प्रश्न घेऊन उतरले होते.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी एका आच्चीच्या घरी गेलो. आच्ची म्हणजे सिंहलीत आजी, ओळख नसली तरी म्हातारीला तसंच म्हणतात. नवरा डायलिसिसवर जाऊन वारलेला, थोरल्या मुलाचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी गाळते तो रक्तातला कचरा साचत चाललेला. मी तिच्या विहिरीचं पाणी घेतलं, बाटलीवर क्रमांक टाकला, वही मिटली. तिने विचारलं, "कुठलं घेतलंस?" म्हटलं, "लिंद." विहिरीचं. तर म्हणते, "ते तर आम्ही पीतच नाही. चार वर्षं झाली, मशीनचं पितो." मशीन म्हणजे गावातला आरओचा प्लांट, मुलगा सायकलवर कॅन लावून आणतो.

मग तिने किटली आणून दाखवली. तळाला पांढरा, बोटाच्या नखाएवढा जाड थर. चमच्याने खरवडला तर पापुद्रा निघाला. ही किटली तिच्या लग्नानंतर काही वर्षांनी आलेली. विहीर मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा खणलेली. त्याआधी? त्याआधी सरकारी हातपंप. आणि ती माहेरी असताना? वेवा. म्हणजे गावतळं, त्यात म्हशी डुंबायच्या आणि त्याचंच पाणी घरात यायचं.

आता सांगा, तिच्या मुलाच्या किडनीने कुठल्या पाण्याचा हिशेब ठेवलाय? हा रोग वर्षानुवर्षं मुकाट्याने वाढतो आणि कळतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. तुम्ही ऑगस्टमध्ये बाटली भरणार ती आजच्या पाण्याची. आजचं पाणी मोजून वीस वर्षांपूर्वीचा गुन्हेगार धरायला निघालो होतो आम्ही.

म्हणून माझं उत्तर: बाटलीआधी वही. प्रत्येक घरात पाण्याचा इतिहास घ्या. कुठल्या साली कुठून प्यायचे, शेतात जाताना काय न्यायचे, उकळायचे का. साल कुणाला आठवत नाही, त्यांना खुणा द्याव्या लागतात. २००४ची सुनामी, २००९ला युद्ध संपलं तो मे महिना, धाकटीचा जन्म. मेदवच्चियहून पुढे पदवियकडे गेलात तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ती युद्धाच्या सीमेवरची गावं होती, लोकांनी घरं सोडली, परत आले, पुन्हा सोडली. एका माणसाच्या आयुष्यात पाच-सहा पाणवठे सहज निघतात. आणि गाव विचारून थांबू नका. दोन शेजारी घरांचं पाणी जमीन-अस्मान वेगळं असतं. जी घरं झऱ्याच्या पाण्यावर आहेत तिथे रोग कमी दिसतो, हे तिथल्या बायका संशोधकांच्या आधीपासून सांगतात.

आता बाटलीचं. फ्लोराइड आणि जडपणा घ्याच, स्वस्त आहे. फ्लोराइडसाठी प्लास्टिकची बाटली, काच नको. धातूंसाठी वेगळी बाटली, नायट्रिक आम्ल टाकून, आणि ते सगळ्या घरांत नको, तीसेक घरांत पुरे. ग्लायफोसेट तुमच्या पैशांत नीट मोजता येणार नाही, नादी लागू नका. हातचं राखून मोजलेला ग्लायफोसेट न मोजलेल्यापेक्षा वाईट. २०१४मध्ये ती कल्पना आली की जड पाण्याशी जोडी जमवून तो धातूंना किडनीपर्यंत नेतो. २०१५मध्ये देशात त्यावर बंदी, २०१८मध्ये चहा आणि रबरासाठी ती उठवली. पुढे २०२१मध्ये रासायनिक खतांची आयातच बंद केली तेव्हाही भाषणांत हीच किडनी होती, आणि तीही बंदी त्याच वर्षी मागे घ्यावी लागली. पुरावा अजून चप्पल शोधत होता तेव्हा धोरण बसमध्ये बसलं होतं.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून सांगते. विहिरीबरोबर ज्या मडक्यातून पितात त्यातलंही घ्या. खूप घरं अभिमानाने सांगतात, "आम्ही उकळून पितो." उकळल्याने जडपणाचा काही भाग किटलीला चिकटतो, फ्लोराइड मात्र पाण्यात आहे तिथेच राहतं. उलट पाणी आटलं तर थोडं वाढतंच. आणि एकच विहीर दोनदा मोजा. सप्टेंबरात कोरड घशाला लागलेली असताना एकदा, आणि महा हंगामाचा, म्हणजे भाताच्या मोठ्या हंगामाचा, पाऊस पडून गेल्यावर जानेवारीत एकदा. तुमचे सहा महिने त्यात नेमके बसतात, नशीब काढलंत.

---

नेफ्रॉन_दहालाख

दुसऱ्या प्रश्नाचं मी देतो, किडनीचाच डॉक्टर आहे.

या रोगात बिघाड गाळणीच्या जाळीत कमी आणि नलिका व त्यांच्या आजूबाजूच्या ऊतीत जास्त असतो. म्हणून लघवीतून प्रथिनं फारशी जात नाहीत, सूज नाही, फेस नाही. रोगी चालत येतो आणि निम्मी किडनी गेलेली असते. आता बघा, जागतिक आरोग्य संघटनेबरोबर झालेला २०१३चा तो मोठा अभ्यास. त्यात रोगी ठरवायला लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर भर होता. निकाल असा की बायकांमध्ये प्रमाण १६.९ टक्के, पुरुषांत १२.९. आणि गंभीर टप्पे मात्र पुरुषांत कितीतरी जास्त. जो रोग अल्ब्युमिन कमी सोडतो त्याला अल्ब्युमिनच्या जाळ्यात धरायला गेलं की जाळ्यात वेगळेच मासेही येतात. आकडे चुकीचे म्हणत नाही मी, व्याख्या बदलली की प्रश्नच बदलतो एवढंच.

तुम्ही क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, धरा, ६०च्या खाली. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. मधुमेह आणि जास्त रक्तदाब वगळा. २०१७पासून 'डिग्री' नावाची एक समान पद्धत आहे, तीच वापरा, म्हणजे इतर देशांच्या आकड्यांशी तुलना होईल. अल्ब्युमिनही मोजा, पण वेगळ्या रकान्यात.

रक्त सकाळी घ्या, कापणीच्या दिवसांत तर नाहीच. उन्हात दिवसभर राबलेल्या माणसाचं क्रिएटिनिन संध्याकाळी तात्पुरतं चढलेलं असू शकतं. आदल्या रात्री मटण खाल्लं असेल तरी चढतं.

---

भरदुपारी

उन्हाचा उल्लेख ओझरताच झाला म्हणून लिहितोय. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि निकाराग्वात उसाच्या तोडकऱ्यांना हुबेहूब असाच रोग होतो. तिथलं पाणी वेगळं, माती वेगळी. समान काय? उन्हात राबणं आणि तहानलेलं राहणं. तळ्यांच्या त्या सपाट मुलखात दुपारी उभं राहून दाखवा आधी. २०० बाटल्यांच्या पैशांत मी तरी २०० माणसांच्या पाणी पिण्याच्या आणि विश्रांतीच्या सवयी मोजल्या असत्या.

---

तळाचा_गाळ

भरदुपारी, उभी राहिले आहे, चक्कर येऊन बांधावर बसलेही आहे, तेव्हा त्या उन्हाबद्दल मला शंका नाही. पण मग हंबनटोटाचं काय? दक्षिणेला, तसाच कोरडा पट्टा, तसाच भात, तसंच ऊन. तरी तिथे हा रोग इतका कमी की त्या २०१३च्या अभ्यासात तुलनेसाठी निरोगी माणसं तिथूनही घेतली. नुसतं ऊन असतं तर असं झालं नसतं. नुसती शेतातली फवारणीची औषधं म्हणाल तर डोंगरातले चहावाले काय कमी फवारतात?

माझा अंदाज, आणि तो अंदाजच आहे: तहानलेल्या किडनीला जड, फ्लोराइडचं पाणी पाजणं ही जोडगोळी. म्हणून तुमचाही प्रश्न उंबरठाने वहीत घ्यावा. शेतात किती तास, बरोबर किती पाणी, आणि ते कुठल्या विहिरीचं. बघा, परत विहीर आलीच.

---

उंबरठा

तिघांचे मनापासून आभार. मार्गदर्शकांशी बोलले. ठरलं असं: संशयित एकच न निवडता पाण्याचा इतिहास हाच मुख्य विषय. घरं २०० वरून १२० केली, पण प्रत्येक विहीर आणि मडकं दोनदा. धातू तीस घरांत. ईजीएफआर दोनदा, 'डिग्री'प्रमाणे.

एक भीती वाटते ती विचारून टाकते. स्थानिक गटातली मुलगी म्हणाली की लोक आता रक्त द्यायला तयार होत नाहीत. असं खरंच आहे का?

---

तळाचा_गाळ

आहे, आणि बरोबर आहे त्यांचं.

त्याच आच्चीने दुसऱ्या भेटीत एक दुकानाची प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडी घातलेले कागद. मला वाटलं रिपोर्ट असतील. रिपोर्ट नव्हतेच, संमतिपत्रांच्या प्रती होत्या. पाच वेगवेगळ्या गटांच्या. पाचदा मुलाचं रक्त घेतलं, पाचदा सह्या घेतल्या, आणि आकडा एकदाही घरी आला नाही. माझ्या गटाचा कागद त्या ढिगात सहावा जाणार होता. मी त्या दिवशी विहिरीचा नमुना न घेताच परत आले, चहा मात्र पिऊन आले.

नंतर आम्ही एक केलं. प्रत्येक घराला सिंहलीत एक कार्ड, त्यावर त्यांच्या विहिरीचं फ्लोराइड आणि शेजारी जागतिक आरोग्य संघटनेची १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा, आणि घरातल्या ज्याचं रक्त घेतलं त्याचा आकडा. ज्याचा वाईट आला त्याला टपालाने नाही, घरी जाऊन, गावच्या सार्वजनिक आरोग्य निरीक्षकाला बरोबर घेऊन. त्याला दवाखान्यात कुठल्या वारी जायचं तेही लिहून. हा खर्च तुमच्या १२० घरांच्या पैशात आजच वेगळा काढा. नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर परवानगीचे कागद स्थानिक गटामार्फत आत्ताच टाका, त्याला महिने लागतात.

नेफ्रॉन, तुम्ही सांगा, कार्डवर ईजीएफआर लिहावा की क्रिएटिनिन?

---

नेफ्रॉन_दहालाख

क्रिएटिनिन आणि तारीख. तिथल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर तोच असतो, घरातल्यांना तुलना करता येते. ईजीएफआर मागच्या बाजूला, डॉक्टरसाठी.

---

उंबरठा

लिहून घेतलं. तळाचा_गाळ ताई, शेवटचं एकच: त्या मुलाचं पुढे काय झालं?

---

तळाचा_गाळ

मी निघाले तेव्हा रोगाच्या पाचपैकी चौथ्या टप्प्यात होता, कॅन आणत होता सायकलवर. पुढचं मला कुणी कळवलं नाही, आणि मीही विचारलं नाही, ते माझ्याकडेच राहिलं आहे. तुम्ही त्या बाजूला गेलात तर मला खाजगी निरोप टाका, घर कसं शोधायचं ते सांगते.

आणि हो, बाटल्यांवरचे क्रमांक पेन्सिलने लिहा. आमची शाई बर्फाच्या पेटीत धुऊन गेली होती आणि अकरा विहिरी अनाथ झाल्या.