सातबारावरचं १.२० म्हणजे दीड एकर नाही
कुणीतरी म्हटलंय की सातबारा उताऱ्यावर १.२० आहे म्हणजे १ एकर २० गुंठे, दीड एकर झाली. अहो थांबा, असं करू नका! सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर मधे असतं, म्हणजे ते १ हेक्टर २० आर, आणि १ हेक्टर म्हणजे जवळपास २.४७ एकर, मग तुमची जमीन साधारण २ एकर ३८ गुंठे भरते, म्हणजे पावणेतीन एकराच्याही वर, व्यवहारात हे चुकलं तर किती नुकसान बघा.

आता आर आणि गुंठा, बरेच जण एकच धरतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, तो आरपेक्षा जरासा मोठा. एका गुंठ्याला फरक १२-१३ चौरस फूटच, पण ४० गुंठ्यांच्या एकराला तो ५०० चौरस फुटांवर जातो, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा. आमच्या वाटणीत भाऊ-भाऊ यावरूनच महिनाभर बोलत नव्हते, एकाने आर धरले दुसऱ्याने गुंठे. जुन्या कागदात आणे दिसले तर १६ आण्यांचा एक गुंठा धरा. सातबारावर ०.८१ दिसलं तर ते म्हणजे ८१ आर, जवळपास दोन एकर.