कालवे विकले नाहीत, पण प्रश्न पैशाचा आहे

ब्रिटनने कालवे विकून टाकले, असं काही जण म्हणतात. तसं नाही. जुलै २०१२ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग 'ब्रिटिश वॉटरवेज' या सरकारी संस्थेकडून 'कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट' या धर्मादाय संस्थेकडे गेले. मालमत्ता विश्वस्त म्हणून सांभाळायची आहे. स्कॉटलंडचे कालवे मात्र सरकारकडेच राहिले.

यात चांगलं काय, तर माणसं आपणहून राबतात. लॉकवर (बोटी वर-खाली नेण्यासाठी दरवाजे असलेला कालव्याचा टप्पा) निवृत्त आजोबा ओकचा लांबलचक दांडा पाठीने रेटून दरवाजा उघडून देतात, पगार नाही. पण तो दरवाजा साधारण २५ वर्षांत बदलावाच लागतो, आणि ते काम श्रमदानाने होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या व्हेली ब्रिज गावाजवळच्या, कालव्याला पाणी पुरवणाऱ्या टॉडब्रुक धरणाचा सांडवा फुटला, सुमारे १,५०० लोकांना घरं सोडावी लागली. हे धरण ट्रस्टकडेच आहे!

आणि २०२७पासून ट्रस्टला मिळणारं सरकारी अनुदान दरवर्षी ५ टक्क्यांनी घटत जाणार. देणग्या नि बोटींचं परवाना शुल्क यांवर दोनशे वर्षांची धरणं कशी सांभाळायची? मला ही सरकारने झटकलेली जबाबदारी वाटते. ट्रस्ट राहू दे, धरणांचा खर्च तरी सरकारनेच उचलावा.