पेजफाईल बंद करू का? (सोसायटी ग्रुप, ताराबाई पार्क)

ए-१०३: घरच्या कॉम्प्युटरवर 'लो ऑन मेमरी' असा मेसेज येतोय आणि क्रोम आपोआप बंद पडतंय. रॅम ८ जीबी, सी ड्राइव्ह ११० जीबी, त्यात जेमतेम १ जीबी मोकळी. पेजफाईल (रॅम कमी पडली की विंडोज ड्राइव्हवर वापरतं ती फाईल) बंद केली की जागा सुटते म्हणे. करू का?

बी-३०२: वहिनी, अजिबात नको! सगळ्या प्रोग्रॅमना मिळून विंडोज जेवढी मेमरी देऊ शकतं, तिची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाईल. फाईल काढली की मर्यादा ८ वर येणार, प्रोग्रॅम आणखी लवकर पडणार. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल; त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. 'कमिटेड'खाली (दिलेली मेमरी/मर्यादा, जीबीत) काय दिसतंय?

ए-१०३: ११.४/११.९

बी-३०२: काठोकाठ आलंय. ऑटोमॅटिकवर ही फाईल रॅमच्या ३ पटीपर्यंत वाढते, पण ड्राइव्हच्या एक अष्टमांशापुढे जात नाही. म्हणजे तुमच्याकडे साधारण १४ जीबी. आता ती ४ वर अडकलीय, कारण सी वर जागाच नाही. आधी १५ जीबी तरी मोकळी करा. डाउनलोड्स आणि व्हिडिओ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा, डिस्क क्लीनअप चालवा.

सी-४०१: हायबरनेट (मेमरीतलं सगळं ड्राइव्हवर साठवून कॉम्प्युटर बंद करणं) वापरत नसाल तर तेही बंद करा की. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ'. ३ जीबीच्या आसपास सुटतात. फास्ट स्टार्टअपही (कॉम्प्युटर झटपट सुरू होण्याची सोय) जातं, तेवढं लक्षात ठेवा.

डी-२०२: रॅमच्या दीडपट फिक्स साईज ठेवायची असते ना?

बी-३०२: काका, तो हिशेब रॅम कमी असायची तेव्हाचा. आता कमिटेडचा सगळ्यात वर जाणारा आकडा बघून ठरवायचं. फिक्सच हवी असेल तर स्टार्टमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी, चेंज. वरची ऑटोमॅटिकची टिक काढा, कस्टम साईज निवडा, आकडे एमबीत भरा: इनिशियल ४०९६, मॅक्झिमम १२२८८. मग 'सेट' दाबा. बरेच जण नुसतं ओके करतात, त्यानं बदल लागतच नाही. शेवटी रीस्टार्ट. वहिनी, तुम्ही मात्र ऑटोमॅटिकच राहू द्या.

ए-१०३: डी ड्राइव्ह रिकामा आहे, तिथं ठेवली तर?

बी-३०२: चालते, पण ती जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर कॉम्प्युटर रखडणार. जागा करूनही कमिटेड ११ च्या वरच राहिलं तर रॅम वाढवा. राजारामपुरीत घ्यायला जाण्याआधी त्याच मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' बघा, आणि रॅमचा प्रकार डीडीआर ३ की ४ ते मदरबोर्डच्या माहितीवरून नक्की करा. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.